काउंटर-स्ट्राइकचा कंटाळा आला, पण नेमका कशाचा?

काउंटर-स्ट्राइक हा बंदुकांचा ऑनलाइन गेम सोडणाऱ्या प्रत्येकाकडे कारण तयार असतं. चीटर फार झाले. नव्या अपडेटने गेमची वाट लावली. वय झालं, हात पूर्वीसारखा चालत नाही. आता मलाही कंटाळा आलाय आणि यातलं एकही कारण मला लागू पडत नाही. चीटर १.६ या जुन्या आवृत्तीच्या काळातही होते. अपडेट आलं की पंधरा दिवस सगळे चिडतात, मग त्याच अपडेटवर हात बसतो. आणि हाताचं म्हणाल तर माझा खेळ कधी नेमबाजीवर उभाच नव्हता. मी सपोर्ट. दुसऱ्यांसाठी स्मोक म्हणजे धुराचा ग्रेनेड टाकायचा, समोरच्याचे डोळे दिपवणारा फ्लॅश द्यायचा, मागून येणारी वाट धरून बसायचं आणि आपले चौघे पडले की बॉम्बपाशी एकटीने निभावायचं. या कामाला डोकं लागतं आणि ते अजून चांगलं चालतंय.

मग कंटाळा कशाचा? बरेच दिवस हाच विचार डोक्यात घोळत होता. आता जे कळलंय ते लिहून काढते, कारण माझ्यासारखे अजून पुष्कळ जण असणार असं मला मनापासून वाटतं.

आधी हा गेम किती कमी बदलतो ते सांगायला हवं. १९९९ साली मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोघांनी हाफ-लाइफ या गेममध्ये फेरफार करून हा मॉड उभा केला. पुढच्याच वर्षी व्हॉल्व्ह कंपनीने तो स्वतंत्र गेम म्हणून बाजारात आणला. मग २००३ मध्ये १.६, २०१२ मध्ये ग्लोबल ऑफेन्सिव्ह म्हणजे आपलं गो आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सीएस टू. इंजिन बदललं, उजेड बदलला, पाणी खऱ्यासारखं दिसायला लागलं. पण एका टीमने बॉम्ब लावायचा, दुसरीने तो लावू द्यायचा नाही किंवा लावला तर निकामी करायचा, आणि मेलं की राउंड संपेपर्यंत गप्प बसून बघायचं, हे जसंच्या तसं आहे. डेव्ह जॉन्स्टनने केलेला डस्ट टू हा मॅप २००१ साली आला. लाँगचे दरवाजे, मिड म्हणजे मधला भाग, बी या बॉम्ब लावायच्या जागेकडे जाणारे टनेल आजही तिथेच आहेत. पहिल्या राउंडला हातात ८०० डॉलर. एके ही रायफल २७०० ची, आणि डोक्यावर हेल्मेट असलं तरी तिची एक गोळी पुरते. बॉम्ब लागला की ४० सेकंद. डिफ्यूज म्हणजे निकामी करायला १०, त्याचं किट असेल तर ५. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन.

हे न बदलणं मला प्रिय आहे. दुसरे शूटर दर सीझनला नवी बंदूक, नवं पात्र, नवी शक्ती आणतात. त्यातले काही मी खेळून पाहिले, पण मन रमलं नाही. बुद्धिबळात दर तीन महिन्यांनी एक नवा मोहरा यायला लागला तर खेळणाऱ्याने कशावर मेहनत घ्यायची? काउंटर-स्ट्राइकमध्ये जे शिकलं ते आपलं होतं. वर्षभर लांब राहून परत आलं तरी ते कामाला येतं.

पण न बदलणारा गेम कधीतरी पाठ होतो. मिराज या मॅपवरचा विंडोचा, म्हणजे मिडवर नजर ठेवणाऱ्या खिडकीचा स्मोक घ्या. तो मी एकटीने रिकाम्या सर्व्हरवर शिकले. ठरलेल्या कोपऱ्यात अंग टेकवून उभं राहायचं, क्रॉसहेअर म्हणजे नेमाची खूण छपराच्या कडेवरच्या एका बारीकशा खुणेवर ठेवायचा आणि उडी मारता मारता, अंग वर चढत असतानाच बटण सोडायचं. केसभर चुकलं तर स्मोक खिडकीच्या चौकटीवर आपटून अलीकडे पडतो, मग मिडमध्ये शिरणारा आपला माणूस उघडा पडतो आणि पलीकडचा एडब्ल्यूपी ही स्नायपर बंदूक घेतलेला त्याची वाटच बघत असतो. हा स्मोक खऱ्या मॅचमध्ये पहिल्यांदा नीट बसला आणि माझी टीम एकही माणूस न गमावता मिड ओलांडून गेली, तेव्हा मला जो आनंद झाला तो पुढे कुठल्या रँकने दिला नाही. मी तर कुणाला मारलंही नव्हतं.

आज तो स्मोक माझा हात आपोआप टाकतो. टाकताना मी दुसऱ्याच गोष्टीचा विचार करत असते. सीएस टूमध्ये स्मोकची जात बदलली, तो आता जागेप्रमाणे पसरतो, गोळ्यांनी त्यात फटी पडतात, ग्रेनेड फोडला की घटकाभर भोक पडून पलीकडचं दिसतं. ते आलं तेव्हा मी पुन्हा रिकाम्या सर्व्हरवर जाऊन बसले, पुन्हा सगळं नव्याने शिकले आणि फार मजा आली. मग तेही पाठ झालं.

तर मॅप पाठ, बंदुका पाठ, पैशाचं गणित पाठ. हरलेल्या टीमला १४०० पासून सुरू करून ओळीने हरत गेलं की ३४०० पर्यंत कसे मिळतात आणि म्हणून समोरच्यांच्या हातात पुढच्या राउंडला काय असेल, हे मला सांगता येतं. एवढं सगळं पाठ असताना मी इतकी वर्षं न कंटाळता कशी खेळले? या प्रश्नाशी आल्यावर मला माझं उत्तर मिळालं. गेममध्ये नवीन असायची ती फक्त माणसं.

१.६ च्या काळात आम्ही रँकची रांग लावत नव्हतो. सर्व्हरची यादी उघडायची, पिंग म्हणजे सर्व्हरपर्यंत जायला-यायला लागणारा वेळ बघायचा आणि आपल्या ठरलेल्या सर्व्हरमध्ये शिरायचं. रोज तीच वीस-पंचवीस माणसं. कुणाचाही चेहरा मी पाहिला नव्हता, कुणाचं खरं नाव माहीत नव्हतं, पण कोण रश करतो म्हणजे सरळ धावत घुसतो, कोण घाबरला की आधी रीलोड करतो, कोण शेवटचा उरला की बंदूक वाचवायला पळतो, हे सगळं ठाऊक होतं. मेलेल्यांचा तर वेगळाच अड्डा असायचा. मेलेल्यांनी लिहिलेलं फक्त मेलेल्यांना दिसायचं, नावाच्या आधी तशी खूण यायची. त्यामुळे एकमेकांना नुकतेच मारलेले दोन्ही बाजूंचे लोक तिथे बसून उरलेल्या एक-दोघांचा खेळ बघत गप्पा मारायचे. "आता हा मागून जाणार." "नाही, तो मिडमध्ये थांबेल, त्याला पेशन्स नाही पण आज हरतोय ना." राउंड संपला की सगळे पुन्हा शत्रू. हा गेम मेलेल्याला बसवून ठेवतो हे अनेकांना खटकतं. मला तो त्याचा सगळ्यात चांगला गुण वाटतो, कारण दुसऱ्याचा खेळ बघायला त्याने भाग पाडलं आणि बघूनच आम्ही एकमेकांना ओळखायला लागलो.

त्या सर्व्हरवर एक जण खोटं डिफ्यूज करण्यात पटाईत होता. न खेळणाऱ्यांसाठी सांगते. डिफ्यूज सुरू केलं की एक बारीक आवाज होतो आणि तो जवळ लपलेल्याला ऐकू जातो. डिफ्यूज करणारा त्या वेळी हलू शकत नाही, बंदूक चालवू शकत नाही, म्हणून आवाज आला की लपलेल्याने बाहेर येऊन त्याला टिपायचं असतं. हा पठ्ठ्या बटण दाबून लगेच सोडायचा. आवाज यायचा, मी बाहेर यायचे आणि त्याची बंदूक माझ्याचकडे रोखलेली असायची. अशी मी त्याच्याकडून बरेचदा मेले. मग लक्ष द्यायला लागले. मला जाणवलं की तो दोनदा खोटं करतो आणि तिसऱ्यांदा खरं. दोन आवाज सोडून द्यायचे, तिसऱ्याला बाहेर यायचं. महिनाभर मी त्याला याच हिशोबाने मारलं.

आणि एक दिवस, डस्ट टू, बीवर बॉम्ब, मी टनेलच्या तोंडाशी, तो एकटा. पहिला आवाज आला, तुटला. मी जागची हलले नाही. दुसरा आवाज आला. मी तिसऱ्याची तयारी करत होते, बोट बटणावर, श्वास रोखलेला. तो तिसरा आवाज आलाच नाही, कारण दुसरा खरा होता. बॉम्ब निकामी झाला तेव्हा मी अजून टनेलमध्येच उभी. पुढच्या राउंडला सगळे जिवंत होताच हसत सुटले, स्क्रीन भरून गेली. त्यात त्याने एकच ओळ लिहिली: "मोजत होतीस ना?"

मी लिहिलं, "उद्या बघते तुला."

माझ्या मते सबंध काउंटर-स्ट्राइक या दोन ओळींत आहे. मला त्याची सवय कळली होती, मला ती कळली आहे हे त्याला कळलं होतं, आणि उद्या आम्ही दोघं परत तिथेच असणार होतो. दहा सेकंद, एक आवाज, एक बटण. गेममध्ये काहीही नवं नव्हतं आणि तरीही सगळं नवं होतं.

आता मॅचमेकिंग, म्हणजे तोडीची माणसं गेमनेच जुळवून देणं. रांग लावली की दहा अनोळखी माणसं गोळा होतात, साधारण पाऊण तासाच्या आत पांगतात आणि पुन्हा कधी भेटत नाहीत. त्यामागचा विचार जुना आणि चांगला आहे. अर्पाद एलो या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने बुद्धिबळपटूंसाठी बसवलेली रेटिंगची पद्धत फिडेने १९७० मध्ये स्वीकारली, आणि आजच्या गेममधली रेटिंगं त्याच विचाराची पुढची रूपं आहेत. जिंकलात तर वर, मग समोरचेही वरचे. गो मध्ये सिल्व्हर वनपासून ग्लोबल एलिटपर्यंत १८ पायऱ्या होत्या, आता सीएस टूच्या प्रीमिअर या रेटिंगच्या प्रकारात सरळ आकडा दिसतो. पद्धत बरोबर चालली की तुम्ही निम्म्याच्या आसपास मॅच जिंकता आणि निम्म्याच्या आसपास हरता, कितीही सुधारलात तरी. जुन्या सर्व्हरवर मी सुधारले तेव्हा ते सगळ्यांना दिसलं, कारण तीच माणसं होती ज्यांच्याकडून मी आधी मरत होते. प्रीमिअरमध्ये सुधारणा म्हणजे एक आकडा आणि माझ्याइतकीच सुधारलेली नवी नऊ माणसं.

हे चालवून घेता आलं असतं. पण माणूसच ओळखीचा नसला की डिफ्यूजचा आवाज ऐकून मी काय ठरवायचं? मग मी सरासरीने खेळते. या रेटिंगचे बहुतेक लोक पहिल्यांदा खोटं करतात, म्हणून थांब. या रेटिंगचे लोक इथून डोकावतात, म्हणून इथे क्रॉसहेअर ठेव. आणि सगळ्यांनी स्मोकचे तेच व्हिडिओ पाहिलेले असल्यामुळे सरासरी बरोबरही येते. मी जिंकते. पण मी कुणाला हरवलं तेच मला कळत नाही. त्यात सीएस टूपासून मॅच लहान झाली. गो मध्ये १६ राउंड आधी जिंकायचे होते, आता १३. बारा-बारा राउंडचे दोन भाग. अनेकांना हे आवडलं, वेळ वाचतो म्हणतात. मला त्या गेलेल्या राउंडचं वाईट वाटतं, कारण अनोळखी माणसाची सवय लक्षात यायलाच आठ-दहा राउंड लागतात. हा उजवीकडचा मोलोटॉव्ह म्हणजे आगीचा ग्रेनेड नेहमी लवकर टाकतो, हे ध्यानात येईपर्यंत मॅच पॉइंट आलेला असतो.

आवाजाचंही लिहायलाच हवं. मी बाई आहे आणि माइकवर बोलते, कारण सपोर्टने बोललं नाही तर त्याचा निम्मा उपयोग संपतो. जुन्या सर्व्हरवर मी पहिल्यांदा बोलले तेव्हा तिथेही शांतता पसरली होती आणि मग नको ते प्रश्न आले होते. आठवडाभर चाललं. नंतर माझे कॉल बरोबर असतात हे त्यांना कळलं आणि विषय संपला. वयाने लहान असलेले दोघं-तिघं तर "ताई, बीवर किती?" असं हक्काने विचारायचे, आणि कुणी नव्याने येऊन काही बोललाच तर मला तोंड उघडावं लागायचं नाही, तेच त्याला गप्प करायचे. मॅचमेकिंगमध्ये मात्र तो पहिला दिवस कधी संपतच नाही. प्रत्येक मॅचला नवे चौघे, प्रत्येक मॅचला पहिली हाक दिल्यावर तीच शांतता, तेच प्रश्न, कधी शिव्या. आपण म्यूट करतो, रिपोर्ट करतो आणि पुढच्या रांगेत पुन्हा पहिल्यापासून. मला शिव्यांचा इतका थकवा येत नाही जितका दर वेळी नव्याने सिद्ध करण्याचा येतो. हे फक्त बायकांचंच आहे असंही नाही. ज्याचा आवाज कोवळा आहे, जो अडखळत बोलतो, जो नवा आहे, त्या सगळ्यांचा पहिला दिवस असाच रोज उगवतो.

जुनं सगळं सोन्याचं होतं असं मी म्हणणार नाही. आमच्या सर्व्हरवर नवखा आला की त्याला पार भाजून काढायचे, आणि बरेचसे त्याच दिवशी निघून जायचे. अ‍ॅडमिनची मर्जी गेली की बाहेर. टीम असमान, कधी आठ विरुद्ध पाच. आज पहिल्यांदा माउस हातात घेणाऱ्याला त्याच्याच तोडीचे लोक मिळतात, ही मॅचमेकिंगची फार मोठी देणगी आहे. ते काढून टाका असं मी कधीच म्हणणार नाही. कम्युनिटी सर्व्हर आजही आहेत, यादी उघडता येते. पण रेटिंग तिथे वाढत नाही, म्हणून गंभीरपणे खेळणारा माणूस तिकडे फिरकत नाही, आणि ज्याला मन लावून खेळायचंय त्याला रांगेशिवाय वाट उरत नाही. माझी तक्रार म्हणाल तर एवढीच.

ओळखीच्या माणसांनी या खेळात काय होऊ शकतं याचा पुरावा व्यावसायिक संघांकडे आहे. अ‍ॅस्ट्रॅलिस या संघाचे पाच जण, डिव्हाइस, डुप्री, झिपनाइन, ग्लेव्ह आणि मॅगिस्क, २०१८ च्या सुरुवातीला एकत्र आले आणि त्याच पाच जणांनी लंडन, काटोवित्से आणि बर्लिन असे सलग तीन मेजर, म्हणजे सगळ्यात मोठ्या स्पर्धा, जिंकल्या. त्यांच्या ग्रेनेडची चर्चा खूप होते, आणि होणारच, माझ्यासारख्या सपोर्टला ते बघणं म्हणजे पर्वणी. पण ग्रेनेड कुणालाही शिकता येतात. एकाचा फ्लॅश फुटायच्या आधीच दुसरा कोपऱ्यावरून निघालेला असतो, त्याला तो फुटणार यावर शंका नसते, हे बरोबर राहिल्याशिवाय येत नाही. झिपनाइन तर शेवटचा उरला की असा शांत असायचा की प्रतिस्पर्धीच घाई करायचे. समोरच्यांनाही तो कसा आहे ते माहीत होतं, आणि माहीत असूनही ते चुकायचे. हल्ली मी स्वतः खेळते त्यापेक्षा जास्त वेळ अशा मॅच बघते. तिथे दोन्ही संघ एकमेकांचे डेमो म्हणजे मॅचची रेकॉर्डिंग पाहून आलेले असतात, कोण कुठे उभा राहतो हे आधीच माहीत असतं, आणि म्हणून तो उभा राहिला नाही की अंगावर काटा येतो.

मे २०२३ मध्ये, सीएस टू यायच्या आधीच, एका वेळी हा गेम खेळणाऱ्यांचा आकडा १८ लाखांच्या वर गेला होता. मला त्या आकड्याचा अभिमान वाटला होता, अजूनही वाटतो. पण त्या १८ लाखांतल्या एकाचीही सवय मला ठाऊक नसेल तर माझ्यासाठी तो सर्व्हर रिकामाच.

म्हणून मी एकटीने रांग लावणं बंद केलंय. गेम काढून टाकलेला नाही, टाकणारही नाही. गेले काही आठवडे मी जुन्या फ्रेंड लिस्टमधून एकेका नावाला निरोप धाडतेय. बरीच खाती वर्षानुवर्षं ऑफलाइन आहेत. खोटं डिफ्यूज करणारा अजून सापडलेला नाही. पण सात जणांनी उत्तर दिलंय. एकाने लिहिलं, "ताई, माझा आता पहिल्यासारखा एम नाही हं." त्याला मी सांगितलं की तुझा एम म्हणजे नेम तेव्हाही नव्हता, तू फ्लँक मारायचास, म्हणजे वळसा घालून मागून यायचास, तोच मार.

तर ठरलंय असं: प्रायव्हेट सर्व्हर, पाच विरुद्ध पाच, जुन्या पद्धतीने १६ राउंड आधी जिंकणारा विजयी, रेटिंग नाही. दर शनिवारी रात्री, आणि शक्यतो तीच दहा माणसं. मला धरून आठ झालेत. दोन हवेत. नवखे असलात तरी चालेल, फक्त दर आठवड्याला येणारे हवेत. पहिल्या महिन्याचे मॅप मिराज, इन्फर्नो, न्यूक आणि डस्ट टू. मेल्यावर बोलायची मुभा आहे.